अठ्ठावन्न रेफरन्स आणि तिसऱ्या दिवशी परत आलेला पेपर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो नीट समजला की नाही ते कळेल. एका औषधी वनस्पतीच्या पानांतलं एकूण फिनॉल आणि अँटिऑक्सिडंट क्षमता यांवरचा तुमचा पहिलाच पेपर. पहिल्या जर्नलनं नाकारला. तिथे मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष द्यायची पद्धत होती. दुसऱ्या जर्नलला आकडे हवेत. तुम्ही दोन रात्री बसून ५८ रेफरन्सना हातानं आकडे घातले, पेपर पाठवला आणि तिसऱ्या दिवशी ‘संदर्भ जर्नलच्या शैलीनुसार नाहीत’ एवढ्या एका ओळीनिशी तो परत आला. गाइड म्हणतात, त्याच जर्नलचा छापून आलेला पेपर समोर ठेव आणि बघून बघून कर. मैत्रीण म्हणते, चॅटबॉटला दे, दोन मिनिटांचं काम. आणि तुम्ही विचारताय की मुळात बरोबर शैली कोणती, आणि हे एकदाचं संपवायचं कसं.

मी सव्वीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवतोय आणि गेली नऊ वर्षं एका छोट्या जर्नलसाठी आलेल्या पेपरांची पहिली चाळणी करतोय. म्हणजे असे पेपर परत पाठवणाऱ्यांपैकी मी एक. त्या बाजूनं सांगायचं तर एखादा स्वल्पविराम चुकला म्हणून मी कुणाचा पेपर परत पाठवलेला नाही. पण यादीत बाराव्या ओळीत जर्नलचं नाव पूर्ण, तेराव्या ओळीत तोडलेलं, चौदाव्या ओळीत वर्षच नाही, असं दिसलं की शंका येते. हे रेफरन्स मूळ पेपर उघडून घेतलेले नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी यादीतून उचलून आणलेत. मग पुढचं वाचताना हात आखडतो.

तुमची खरी अडचण शैलीची नाहीच. प्रत्येक रेफरन्समध्ये दोन गोष्टी असतात. एक माहिती: लेखक कोण, वर्ष कोणतं, शीर्षक काय, जर्नल, खंड, पानं, डीओआय (म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक). दुसरी मांडणी: नाव आधी की आद्याक्षरं आधी, वर्ष कंसात की शेवटी, खंड ठळक की साधा. माहिती जगातल्या सगळ्या जर्नलांत एकच राहते. मांडणी दर जर्नलला बदलते. तुम्ही या दोन्ही एकत्र टाइप करून ठेवल्यात, त्यामुळे जर्नल बदललं की अख्खी यादी पुन्हा टाइप करायची पाळी येते, आणि प्रत्येक वेळी चार नव्या चुका आत शिरतात. माझ्या पीएचडीच्या काळात मी हेच केलं. शेवटच्या रात्री गाइडनी प्रस्तावनेत एक रेफरन्स वाढवायला सांगितला, तो सतरावा आला, मी यादीतले पुढचे सगळे आकडे बदलले आणि मजकुरातले बदलायचे निम्मे विसरलो. पेपर तसाच छापून आला. आजही तो उघडला की चर्चेच्या भागात उंदरांच्या यकृताबद्दलच्या वाक्याला मातीच्या सामूवरचा रेफरन्स लागलेला दिसतो.

आता ‘बरोबर शैली कोणती’ याबद्दल. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक जमले ते नेमक्या तुमच्याच तक्रारीवरून: प्रत्येक जर्नल वेगळी मांडणी मागतं, तर एकच काहीतरी ठरवू. त्यातून जी आकड्यांची पद्धत रुळली तिला आजही व्हँकूव्हर म्हणतात. मजकुरात ज्या क्रमानं उल्लेख येईल त्या क्रमानं १, २, ३, आणि यादीही त्याच क्रमानं. मानसशास्त्रवाल्यांची एपीए पद्धत नाव-वर्षाची, यादी वर्णानुक्रमे. रसायनशास्त्रवाल्यांच्या एसीएसमध्ये तर तीन पर्याय एकाच छत्राखाली आहेत: वर चढवलेला आकडा, कंसातला तिरका आकडा, किंवा नाव-वर्ष. लेखक किती लिहायचे यावरही एकमत नाही. व्हँकूव्हरच्या नेहमीच्या नमुन्यात पहिले सहा आणि मग ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’), तर एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावं. तेव्हा बरोबर शैली म्हणजे त्या जर्नलनं मागितलेली शैली. ‘व्हँकूव्हर’ असं नुसतं नाव दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण बहुतेक जर्नलं तीत आपापल्या घरची फोडणी घालतात.

आणि हेही परिस्थितीवर अवलंबून आहे की पहिल्याच खेपेला ही शैली पाळायची गरज आहे का. एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशकाची बरीच जर्नलं पहिल्या खेपेला कुठलीही मांडणी चालवून घेतात, फक्त यादीभर एकसारखी असावी आणि माहिती पूर्ण असावी. पेपर स्वीकारायच्या टप्प्यावर मग ठरलेली शैली. तुमच्या जर्नलनं परत पाठवलाय म्हणजे तिथे ती सवलत नाही. पण पुढच्या वेळी पाठवण्याआधी सूचनांच्या पानावर ही एक गोष्ट आधी शोधा. दोन रात्री वाचतात.

गाइडचा सल्ला अर्धा बरोबर आहे. सूचनांचं पान वाचून संपवायचं, आणि मग त्याच जर्नलचे याच वर्षातले दोन-तीन पेपर उघडून ताडून पाहायचं. अर्धा चूक एवढ्यासाठी की छापलेला पेपर तुम्हाला मांडणी दाखवतो, नियम दाखवत नाही. तुम्ही ज्या पेपरावरून बघताय त्यात प्रबंध नसेल, पुस्तकातलं एखादं प्रकरण नसेल, भारतीय मानक ब्युरोचं मानक नसेल, तर तिथे अंदाजानंच लिहाल. आणि नमुना समोर ठेवून ‘बघून बघून’ करण्याचं टोक काय असतं त्याचा एक किस्सा आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एल्सेव्हियरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून एक काल्पनिक रेफरन्स दिलेला होता: वान देर गीर, हानराड्स आणि लप्टन, वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला, वर्ष २०००. असा पेपरच नाही. तरी शेकडो छापील पेपरांच्या यादीत तो दिमाखात बसलाय, कारण लोकांनी नमुना साच्यात उतरवला आणि आपले रेफरन्स त्याच्या खाली लिहीत गेले. नमुना काढून टाकायचं राहून गेलं. लायडनच्या पीटर क्रोनेनबर्ख यांच्या हे लक्षात आलं आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ते सविस्तर लिहिलं.

मग करायचं काय? माहिती एका जागी नीट साठवा आणि मांडणी यंत्राला करू द्या. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर सांगतो. फुकट आहे, २००६ पासून चालू आहे, आणि कुठल्याही प्रकाशकाच्या मालकीचं नाही. मेंडेली वाईट नाही (ते २०१३ पासून एल्सेव्हियरकडे आहे), एंडनोट तुमच्या विद्यापीठानं घेतलेलं असेल तर तेही चालेल. लेटेक्समध्ये लिहीत असाल तर बिबटेक्स आहेच. फक्त एक करा, सहलेखकांपैकी एकानं झोटेरो आणि दुसऱ्यानं मेंडेली अशी खिचडी एकाच फाइलमध्ये नको. एकानं मजकुरात घातलेले रेफरन्सचे दुवे दुसऱ्याला ओळखता येत नाहीत, आणि निस्तरायला तुम्हीच बसाल.

तुमची यादी टाइप केलेली तयार आहे, तेव्हा शून्यापासून सुरुवात नको. क्रॉसरेफ ही डीओआयची नोंदणी करणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ नावाची सोय आहे. तिथे यादी जशीच्या तशी चिकटवा, ज्यांचे डीओआय सापडतील ते समोर येतात. ते डीओआय झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून टाकले की नोंदी आपोआप भरतात. तुमच्यासारख्या यादीत पाचदहा नोंदी तरी मागे राहतील: जुनी पुस्तकं, प्रबंध, भारतातली छोटी जर्नलं. त्या हातानं भरा. ज्याचा डीओआय मिळत नाही तो रेफरन्स मूळ जागी जाऊन पाहायचाच, हा माझा नियम. कारण कधी डीओआय नसतो, पण कधी तो पेपरच नसतो.

आपोआप भरलेली नोंद तशीच ठेवायची नाही. गूगल स्कॉलरवरून उचललेली तर मुळीच नाही, तिथे खंड-पानं गायब असतात आणि लेखकांची आद्याक्षरं बिघडलेली असतात. प्रकाशकाच्या पानावरून किंवा डीओआयवरून घ्या आणि मग प्रत्येक नोंदीवरून एकदा नजर फिरवा. शीर्षक साध्या वाक्यासारखं साठवा, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून बाकी लहान इंग्रजी अक्षरांत. एखाद्या जर्नलला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं हवा असेल तर झोटेरो तसं करून देतं, पण उलटं त्याला जमत नाही, कारण कुठलं नाव विशेषनाम आहे ते त्याला कळत नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव शीर्षकात असेल तर ते इटॅलिक करण्याच्या खुणा शीर्षकाच्या चौकटीतच घालाव्या लागतात. तुम्ही वनस्पतींवर काम करता, म्हणजे तुमच्या निम्म्या यादीला हे लागणार. आता एकदाच कंटाळा करून घ्या.

जर्नलांच्या नावांची काटछाट मनानं करू नका. त्यासाठी आयएसओ-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि शब्दांची यादी पॅरिसमधलं आयएसएसएन केंद्र सांभाळतं. ‘जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री’चं ‘जे. ॲग्रिक. फूड केम.’ होतं, मधले ‘ऑफ’ आणि ‘अँड’ गळतात. एकशब्दी नाव मात्र तोडत नाहीत: ‘नेचर’, ‘सायन्स’, ‘फायटोकेमिस्ट्री’ हे तसेच राहतात. मी ‘फायटोकेम.’ इतक्या वेळा पाहिलंय की आता लाल पेन आपोआप उचललं जातं.

आता नावं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही अडचण खास आपली आहे आणि कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत ती सापडत नाही. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेपासून नाव आडनाव-नाव-वडिलांचं नाव या क्रमानं लिहायची सवय. ती सवय घेऊन एखादी मुलगी जर्नलच्या फॉर्मवर ‘पाटील सुनीता रमेश’ असं भरते. संगणकाला शेवटचा शब्द आडनाव वाटतो. झालं, ती कायमची ‘रमेश पी. एस.’ होते. पुढे जो कोणी तिचा पेपर उद्धृत करील तो डीओआयवरून तेच उचलेल, आणि सुनीता पाटील स्वतःचं नाव शोधेल तेव्हा तिला तिचाच पेपर सापडणार नाही. त्यामुळे तुमच्या यादीत ‘रमेश’, ‘सुरेश’, ‘दत्तात्रय’ अशी आडनावं दिसली की थबका, पीडीएफचं पहिलं पान उघडा, शक्य असेल तर त्याच लेखिकेचे दुसरे पेपर पाहा. दक्षिणेत अनेकांना आपल्यासारखं आडनाव नसतंच. तिथे दिलेलं नाव शेवटी येतं आणि तेच आडनावाच्या जागी धरलं जातं, ते बरोबर आहे, त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचे आधीचे पेपर आधीच्याच नावानं द्यायचे. तिचं आजचं नाव तुम्हाला माहीत आहे म्हणून बदलायचं नाही. तुमचं स्वतःचं म्हणाल तर आत्ताच ऑर्किडवर (संशोधकांना स्वतःचा ओळख क्रमांक देणाऱ्या संकेतस्थळावर) नोंदणी करा. २०१२ पासून चालू आहे, फुकट आहे, सोळा अंकी क्रमांक मिळतो. पहिल्या पेपरावर नाव ज्या रूपात द्याल ते पुढे बदलू नका.

तुमच्या विषयात पद्धतींचे चारपाच रेफरन्स जवळपास प्रत्येक पेपरात येतात, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच. अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायच्या डीपीपीएच पद्धतीसाठी तुम्ही १९९५ चा पेपर दिला असणार: ब्रँड-विल्यम्स, क्यूव्हेलिए आणि बेर्से, खंड २८, पानं २५ ते ३०. पहिल्या लेखकाचं आडनाव जोडनाव आहे, ‘ब्रँड-विल्यम्स’. मी ते ‘विल्यम्स डब्ल्यू. बी.’ असं कितीतरी याद्यांत पाहिलंय. कुणीतरी एकानं कधीतरी चूक केली आणि बाकीचे ती नकलत आले. त्या जर्नलचं नावही कुठे जुनं जर्मन, कुठे ‘एलडब्ल्यूटी’, कुठे नुसतंच ‘फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ असं दिसतं. एकूण फिनॉलसाठी सिंगल्टन आणि रॉसी, १९६५, दोनच लेखक. त्यांना ‘एट अल.’ लावू नका. क्लोरोफिलसाठी आर्नन, १९४९, आणि प्रथिनांसाठी ब्रॅडफर्ड, १९७६, हे तर एकट्यानं लिहिलेले पेपर आहेत. तरीही ‘आर्नन एट अल.’ आणि ‘ब्रॅडफर्ड एट अल.’ महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतात. त्या एका शब्दावरून कळतं की मूळ पेपर उघडलेला नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये अशाच नकललेल्या छपाईच्या चुकांचा माग काढून अंदाज बांधला होता की उद्धृत करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात. अंदाज आहे, वाद घालता येईल. मला तो फारसा चुकीचा वाटत नाही.

जुन्या पुस्तकांचं एक. कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (तिथल्या वनस्पतींची नोंद देणारा ग्रंथ) आपल्याकडे अजूनही वापरात असतो. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला, पण ग्रंथालयात हाताशी असतं ते बहुधा पुनर्मुद्रण. पान क्रमांक तुम्ही ज्या प्रतीतून घेतलात तिचं वर्ष द्या, आणि पुनर्मुद्रण असल्याचं लिहा. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) असेल तर विद्यापीठ आणि वर्षासोबत तो दुवा द्या. ‘अमुक सरांशी झालेली चर्चा’ यादीत घालायची नाही. ती मजकुरातच कंसात द्यायची, तीही त्यांची परवानगी घेऊन. ‘पाठवला आहे’ आणि ‘स्वीकारला आहे’ यांत फरक आहे. स्वीकारलेला पेपर ‘छपाईत’ म्हणून यादीत येऊ शकतो, नुसता पाठवलेला बहुतेक जर्नलं यादीत चालवून घेत नाहीत. आणि नव्या ऑनलाइन जर्नलांत पानांऐवजी लेख क्रमांक असतो. तो असेल तर ‘१ ते १२’ अशी पीडीएफची पानं मोजून लिहू नका.

मैत्रिणीच्या चॅटबॉटबद्दल माझं मत कडक आहे. रेफरन्स शोधायला तर नकोच, कारण तो अस्तित्वात नसलेले पेपर खऱ्यासारखे रचून देऊ शकतो, नाव-वर्ष-खंड-पानांसकट. ‘फक्त मांडणी बदल’ म्हटलं तरी माझा अनुभव बरा नाही. एकदा ३० रेफरन्सची यादी करून पाहिली. जिथे पानं नव्हती तिथे त्यानं पानं भरली, आणि ती सगळी चुकीची निघाली. टिंबं मात्र एकूण एक जागच्या जागी होती. अशी चूक मला पहिल्या चाळणीत दिसत नाही, रिव्ह्यूअरला दिसते, आणि तेव्हा प्रश्न मांडणीचा राहत नाही, तुमच्या सचोटीचा होतो.

नोंदी तयार झाल्या की वर्डमध्ये तुम्ही टाइप केलेला प्रत्येक आकडा पुसून त्या जागी झोटेरोच्या बटणानं उल्लेख घाला. हे कंटाळवाणं आहे, ५८ नोंदींना निवांत एक दुपार लागेल. झोटेरोच्या शैलींच्या संग्रहात दहा हजारांहून अधिक शैली आहेत, तुमच्या जर्नलचं नाव तिथे बहुधा असेल. नसेल तर सगळ्यात जवळची निवडा आणि उरलेला फरक अगदी शेवटच्या प्रतीत हातानं दुरुस्त करा. आकडा पूर्णविरामाच्या आधी की नंतर हे मात्र यंत्र ठरवत नाही, तुम्ही तो जिथे घालाल तिथे राहतो. चौकटी कंसातला आकडा बहुतेक ठिकाणी पूर्णविरामाच्या आधी येतो, वर चढवलेला बऱ्याच ठिकाणी नंतर. जर्नलचा ताजा पेपर बघायचा तो इथे.

पाठवण्याआधी दोन गोष्टी. झोटेरो मागे घेतलेल्या पेपरांची खूण दाखवतं, नोंदीवर लाल इशारा आला तर तो पेपर का मागे घेतला ते वाचा आणि त्यावर तुमचा एखादा निष्कर्ष टेकलेला आहे का ते पाहा. आणि फाइलची एक प्रत वेगळी करून त्या प्रतीतले झोटेरोशी जोडलेले दुवे तोडून ती पाठवा. मूळ, जिवंत दुव्यांची फाइल स्वतःकडे ठेवा. रिव्ह्यूअर तीन रेफरन्स वाढवायला सांगतीलच, त्यातला एक बहुधा त्यांचा स्वतःचा असेल, आणि तेव्हा तीच फाइल लागेल.

तुमच्या जर्नलनं पेपर नाकारलेला नाही, दुरुस्तीसाठी परत केलाय. तेव्हा तो नवा म्हणून भरू नका, त्याच क्रमांकाखाली पुन्हा चढवा. सोबतच्या पत्रात दोनच ओळी पुरेत: संदर्भ सूचनांनुसार बदलले आहेत, आणि सर्व नोंदी मूळ पेपरांशी ताडून पाहिल्या आहेत. दुसरी ओळ ताडून पाहिल्यावरच लिहा.